पोटॅशियम ८.४ आणि पेशंट बसून मिसळ खातोय! नर्सेसना सॅम्पल घ्यायला शिकवायचं तरी कसं?

पंचवटी_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी पंचवटीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे. पन्नास खाटा, माझ्या हाताखाली १४ नर्सेस, त्यातल्या सहा जणी गेल्या चार महिन्यांत लागलेल्या. २०२७ चा कुंभ तोंडावर आलाय म्हणून भरती चालू आहे, पोरी येतायत, दोन जणी आल्या तशा सोडूनही गेल्या.

गेल्या आठवड्यात रात्री काय झालं ते सांगते. जुलाब-उलट्यांनी दाखल झालेले ७२ वर्षांचे आजोबा, दोन दिवसांत बरे होत आलेले. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार) पाठवायला सांगितले. साडेदहाला लॅबचा फोन आला: पोटॅशियम ८.४, कॅल्शियम ४.९. एवढ्या पोटॅशियमला हृदय कधीही थांबू शकतं. ड्युटी डॉक्टर लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत वर आले, मी कॅल्शियम ग्लुकोनेट (अशा वेळी हृदय सांभाळणारं इंजेक्शन) काढून हातात धरलेलं, ईसीजीच्या तारा लावल्या. आणि आजोबा? कॉटवर मांडी घालून मुलाने चोरून आणलेली मिसळ खातायत. (जुलाबाच्या पेशंटला मिसळ! त्या मुलाला मी नंतर बघून घेतलं.) ईसीजी एकदम नॉर्मल. डॉक्टरांनी दुसऱ्या हातातून स्वतः सॅम्पल काढलं. पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.१.

सकाळी नवीन पोरगी रडत माझ्याकडे आली. म्हणाली, सिस्टर, पिवळ्या बल्बात रक्त कमी पडलं होतं, म्हणून जांभळ्यातलं थोडं ओतलं. (बल्ब म्हणजे रक्त घ्यायची छोटी नळी, टोपीच्या रंगावरून ओळखायची; आत व्हॅक्यूम असतो, तोच रक्त ओढून घेतो.)

आता वरून आदेश आलाय की सगळ्या नर्सेसचं 'सॅम्पल कलेक्शन ट्रेनिंग' घ्या. एक तास, हजेरीवर सह्या, एक ग्रुप फोटो. मी रात्री बसून ३२ स्लाइड बनवल्या. बनवताना आठवलं की दोन वर्षांपूर्वी असंच ट्रेनिंग मीच घेतलं होतं, त्यातल्याच २० स्लाइड आहेत. आणि बल्बांच्या टोप्यांच्या रंगांचा तो सुंदर चार्ट नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावलेला आहे. पोरीने ओतलं ते त्या चार्टच्या बरोबर खाली उभं राहून.

तर प्रश्न सरळ आहे. रात्री तीन वाजता, शीर सापडत नसताना, नातेवाईक डोक्यावर उभे असताना हाताला आठवेल असं कसं शिकवायचं? कुणी केलंय का?

पहाटेचा_स्कूटरवाला

चार्ट लॅमिनेट करून घ्या सिस्टर, ओतलं तरी पुसता येईल 😀

गंमत सोडा. माझं सविस्तर नंतर लिहितो, आत्ता सिडकोत तिसऱ्या मजल्यावर उपाशीपोटीवाले काका वाट बघतायत.

जुना_लॅबवाला

सिस्टर, मी ३१ वर्षं लॅब टेक्निशियन होतो, आता नाशिकरोडला घरी बसून नातवाचा अभ्यास घेतो. त्या ३२ स्लाइड बाजूला ठेवा. राग मानू नका, मीही अशाच स्लाइड दाखवत आलो. लोक झोपतात आणि चहाच्या वेळी उठतात.

आमच्याकडे जे चाललं ते एका मेट्रनबाईंच्या डोक्यातून निघालं होतं. वॉर्ड आणि लॅब यांचं कायम भांडण. आम्ही म्हणायचो वॉर्डवाल्या सॅम्पल नासवतात, वॉर्डवाल्या म्हणायच्या लॅबवाल्यांना काम नको असतं म्हणून रिजेक्ट करतात. बाई एकदा तणतणत खाली आल्या, म्हणाल्या, उद्यापासून माझ्या दोन पोरी रोज सकाळी आठ ते दहा तुमच्या काउंटरवर बसतील. शिकवू नका काही. फक्त आलेली सॅम्पल त्यांना घेऊ द्या, आणि रिजेक्ट करायचं ते त्यांनाच करू द्या.

पहिल्या दिवशीच जे झालं ते मी अजून विसरलो नाही. पावसाळा होता, डेंग्यूचे दिवस. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिकमध्ये काय असतं तुम्हाला माहीत आहे, जो तो प्लेटलेट विचारतो. एका पोराचा काउंट मशीनने १८,००० दाखवला. मी त्या नर्सला एक लाकडी काडी दिली, म्हटलं बल्बात फिरव. तिने फिरवली आणि बाहेर काढली तर काडीच्या टोकाला मोहरीएवढी गुठळी, तिच्यामागे बारीक दोरा. म्हटलं, सगळ्या प्लेटलेट या गुठळीत अडकल्या, मशीनला मोजायला उरल्या त्या १८ हजार. ती म्हणाली, पण मी तर बल्ब हलवला होता. कसा हलवलास ते दाखव म्हटलं. तिने चिमटीत धरून दोनदा टिचकी मारल्यासारखं केलं. ती सॅम्पल तिचीच होती! तिलाच वॉर्डात फोन करून परत मागवावं लागलं, आणि पलीकडून जी बोलणी बसली ती तिच्याच मैत्रिणीची. पुन्हा काढलेल्यात काउंट १ लाख ४० हजार.

त्या दिवसानंतर त्या मुलीने पाठवलेल्या जांभळ्या बल्बात मला गुठळी सापडली नाही. तिला मी सांगितलं फक्त एवढंच: बल्ब पूर्ण उलटा कर, आतला हवेचा बुडबुडा सावकाश दुसऱ्या टोकाला जाऊ दे, मग सरळ कर. असं आठ-दहा वेळा. झटके नाहीत, लस्सी घुसळायची नाहीये. घुसळलं तर पेशी फुटतात, तो वेगळा घोटाळा.

तुमची लॅब हॉस्पिटलातच असेल तर हे लगेच जमेल. दोन-दोन जणी, दोन-दोन तास. एका आठवड्यात १४ जणी होतात. ग्रुप फोटो तिथे काढा.

दुसरं, ओतण्याबद्दल. 'ओतू नका' असं सांगून उपयोग नाही, कारण ओतलेलं दिसत नाही. रक्त ते रक्त, लालच. जांभळ्या बल्बाच्या आतल्या भिंतीला जे लावलेलं असतं ते ईडीटीए, आणि ते पोटॅशियमचा क्षार आहे. गुठळी होऊ नये म्हणून ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. म्हणजे त्यातलं रक्त पिवळ्यात गेलं की एका फटक्यात पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. तुमच्या आजोबांचा रिपोर्ट वाचताना ८.४ च्या शेजारी ४.९ दिसलं की आम्ही लॅबवाले पेशंटकडे न बघता सांगतो, ही ओतलेली सॅम्पल. सोबत अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तातलं एक एन्झाइम) केलं असतं तर तेही पडलेलं दिसलं असतं. खरं तर तुमच्या लॅबने फोन करतानाच हे विचारायला हवं होतं, पण रात्रीच्या ड्युटीला एकटा पोरगा असणार, जाऊ द्या.

हे प्रत्यक्ष दाखवा. कुणी तयार असेल तिचं रक्त घ्या, एक पिवळा बल्ब नीट भरा, दुसऱ्यात जांभळ्यातले चार-पाच थेंब टाका, दोन्ही मशीनवर लावा. आणि तिसरा बल्ब असा: सिरिंजने रक्त काढायचं, नीडल तशीच ठेवून पिवळ्या बल्बाच्या रबरातून अंगठ्याने जोर लावून आत ढकलायचं. तिन्ही अर्धा तास उभे ठेवून सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे मशीनमध्ये गरागरा फिरवा. पहिल्यात वर गवती चहासारखं स्वच्छ पिवळं पाणी येईल. तिसऱ्यात कोकम सरबत. ते कोकम म्हणजे फुटलेल्या लाल पेशी, त्यांच्या पोटातलं पोटॅशियम, एलडीएच-एसजीओटी ही एन्झाइम्स, सगळं बाहेर सांडलेलं. मी हे बल्ब पोरींच्या हातात द्यायचो आणि गप्प बसायचो. (ओतलेला दुसरा मात्र वरून अगदी स्वच्छच दिसेल. तोच खरा धोका, हे त्याच वेळी सांगा.)

सिरिंज वापरावी लागते, मला मान्य आहे. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा व्हॅक्यूमने बसतात. मग सिरिंजचा दट्ट्या सावकाश ओढायचा आणि बल्बात भरताना बल्बालाच रक्त ओढू द्यायचं, आपण ढकलायचं नाही.

टुर्निकेबद्दल, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याबद्दल, एकच. बांधल्यापासून एक मिनिट, बास. पोरी काय करतात, आधी टुर्निके बांधतात, मग बल्ब शोधतात, मग स्पिरीट, मग पेशंटशी गप्पा. शीर शोधायला हवं तर बांधा, शीर सापडली की सोडा, सगळं हाताशी मांडा, दोन मिनिटांनी परत बांधून टोचा. आणि ते 'मूठ उघडा-मिटा, उघडा-मिटा' हे बंद करा, त्यानेही पोटॅशियम चढतं. मूठ नुसती मिटून ठेवली की झालं. स्पिरीटचा हात फिरवला की ते वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही!

बाकी सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त एक राहिलं. त्या पोरीला पिवळ्या बल्बात रक्त कमी का पडलं हे कुणी विचारलं का? व्हॅक्यूमचा बल्ब शिरेत नीट असताना अर्ध्यावर थांबत नाही. एकतर शीर निसटली किंवा बल्बात व्हॅक्यूमच नव्हता. ती सॅम्पल लॅबच्या फ्रिजमध्ये अजून असेल, काही दिवस ठेवतात. जाऊन बघा. पेशंटच्या नावाचं लेबल चिकटवलेलं असतं ना, ते सोला आणि खालची एक्स्पायरी वाचा.

डॉ_स्लाइड

मी पॅथॉलॉजिस्ट. वरच्या काकांच्या प्रत्येक वाक्याखाली माझी सही.

एक भर. बल्ब भरण्याचा क्रम शिकवाच: ब्लड कल्चर असेल तर ते सगळ्यात आधी, मग निळा, मग लाल-पिवळा, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी करडा. पण क्रम पाठ म्हणून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. बंद व्हॅक्यूम सिस्टीमने नीट काढलं तर एका बल्बातून दुसऱ्यात फार काही जात नाही. मला वर्षभरात दिसणारे घोटाळे क्रमाचे कमी आणि टोपी उघडून ओतण्याचे जास्त. क्रम घडाघडा म्हणणारी मुलगीसुद्धा ओतते, कारण तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खणांत असतात.

निळ्या बल्बाबद्दल मात्र मी कडक आहे. त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं. सायट्रेट एक भाग, रक्त नऊ भाग. ०.३ मिली सायट्रेटच्या बल्बात २.७ मिली रक्त हवंच, रेघेपर्यंत. दीड मिलीवर थांबून पाठवलं की पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) खोटा लांबतो आणि उद्याचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं. स्कॅल्प व्हेनने (बारीक नळी जोडलेल्या सुईने) काढत असाल आणि निळा पहिला असेल, तर नळीतली हवा बल्बात जाते आणि तेवढं रक्त कमी पडतं. म्हणून आधी एक फुकटचा बल्ब लावून नळी भरून घ्या. हे फार कमी जणींना माहीत असतं.

आणि सलाईनचा हात! शक्यतो दुसराच हात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलीत ५,००० मिलिग्रॅम साखर असते. रक्तात नॉर्मल माणसाची शंभरच्या आसपास. सॅम्पलमध्ये दहात एक भाग सलाईन मिसळलं तरी शुगर सहाशेच्या घरात जाते. मग कुणीतरी इन्सुलिन देतं. पुढचं लिहीत नाही.

सावळघाट

मी पेठ तालुक्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुमच्या पन्नास खाटांच्या लॅबचा मला हेवा वाटतोय ताई. काका म्हणतात तसं काउंटरवर बसवायचं तर आमचं काउंटर घाटाखाली.

आमचे प्रश्न वेगळे आहेत, पण तुमच्या ट्रेनिंगला कदाचित कामाला येतील.

पहिला म्हणजे नाव. माझ्या एका पाड्यावर तीन सीताबाई आहेत, तिघींचं आडनाव एक, दोघींचं वय 'असेल पन्नास'. 'सीताबाई ना तुम्ही?' विचारलं की तिघीही हो म्हणतात, त्यातली एक सीताबाई नसली तरी हो म्हणते, कारण ताईंना नाही कसं म्हणायचं. म्हणून मी कधीच नाव घेऊन विचारत नाही. 'तुमचं पूर्ण नाव सांगा, घरधन्याचं नाव सांगा' असं विचारते आणि मग कागदाशी ताडून बघते. बल्बावर नाव तिच्यासमोर, रक्त काढल्यावर लगेच. आधीच दहा बल्बांवर नावं लिहून रांगेत मांडायची सवय मला कॉलेजात कुणीतरी लावली होती. ती मोडायला मला एक चूक करावी लागली. सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) कॅम्पात दोन बहिणींचे बल्ब अदलाबदल झाले. पुढच्या तपासणीत लक्षात आलं, नाहीतर एका पोरीच्या लग्नाच्या बोलण्यांत त्याची चर्चा झाली असती.

दुसरं, थंडावा. लॅबने सांगितलं होतं 'कोल्डमध्ये पाठवा', म्हणून आमचा वाहक व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये गोठलेले आइस पॅक आणि त्यांना चिकटून बल्ब असं घेऊन जायचा. मोटरसायकल, सावळ घाटाची वळणं, खड्डे. खाली पोचेपर्यंत बर्फाला टेकलेल्या बाजूचं रक्त गोठायचं आणि सगळं हिमोलाईझ, म्हणजे लाल पेशी फुटलेल्या. वर कॅरिअरमध्ये पाणी सुटून शाईने लिहिलेली नावं निळ्या डागांसारखी पसरलेली. आता पॅक आधी बाहेर ठेवून थोडे घाम सुटेपर्यंत थांबतो, मग वर्तमानपत्रात गुंडाळतो, आणि बल्ब स्टँडमध्ये उभे, पॅकला न टेकता. नाव शिसपेन्सिलीने. पेन्सिल पाण्याने जात नाही, ही अक्कल मला आमच्या आशाताईंनी दिली. आणि पोटॅशियमची सॅम्पल तर थंड करूनच पाठवायची नाही हे मला फार उशिरा कळलं. सीरम (वरचं पिवळं पाणी) वेगळं केलेलं नसेल आणि रक्त गार ठेवलं तर पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर येत राहतं, सॅम्पल दिसायला अगदी स्वच्छ.

तिसरं, टीबीचा बेडका. इथे सुई नाही, बल्ब नाही, म्हणून ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवतच नाही. डबी देतात आणि 'उद्या भरून आणा'. येते काय, तर थुंकी. फेसाळ, पाण्यासारखी. रिपोर्ट निगेटिव्ह. महिन्याने माणूस आणखी वाळून येतो.

मी आता काय करते ते सांगते. पहिला नमुना जागेवर, दुसरा उद्या सकाळी उठल्याउठल्या. आधी साध्या पाण्याने चूळ. मग उपकेंद्राच्या मागे जांभळाच्या झाडाखाली मोकळ्यात उभं करते, आत कधीच नाही, आणि मी समोर नाही, वाऱ्याच्या दिशेने तर अजिबात नाही. 'घशातला नको बाबा, बरगडीखालून आला पाहिजे.' दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावते, माझ्याबरोबर. मीही घेते, नाहीतर लाजतात. मग पोटावर हात ठेवून खोकला. मग जे येतं ते घट्ट, पिवळट, डबीच्या कडेला चिकटून राहतं, वाकडी केली तरी पटकन वाहत नाही. एका आजोबांनी पंधरा मिनिटं प्रयत्न केला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'आला बघ, आता घे तुझा प्रसाद.'

ट्रेनिंगला हा भाग जरूर ठेवा ताई. शहरातल्या नर्सेसनाही थुंकी आणि बेडका यातला फरक डोळ्यांनी दाखवलेला नसतो.

पहाटेचा_स्कूटरवाला

आलो. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सकाळी साडेपाच ते दहा, रोज बारा-पंधरा घरं. घरपोच कलेक्शन करतो.

सावळघाट ताई, तुमच्या गार सॅम्पलची उलटी गोष्ट माझी. मे महिना, स्कूटरची डिकी. आम्ही तिला भट्टीच म्हणतो. एका जुन्या मालकाकडे बॉक्स मागितला तर म्हणाला दहा मिनिटांचं तर अंतर आहे. दहा मिनिटांचं एक घर, अशी पंधरा घरं होतात हे त्याला कोण सांगणार. उपाशीपोटीची शुगर साध्या बल्बात घेतली तर पेशी बसल्याबसल्या साखर खातात, ताशी पाच-सात टक्के. तीन तासांनी मधुमेहवाल्या काकांची शुगर छान आलेली असते आणि काका त्या आनंदात जिलबी आणतात. करड्या टोपीचा बल्ब त्यासाठी असतो, पण त्यातलं फ्लोराइडही लगेच काम करत नाही, तास-दोन तास जातात. तेव्हा लवकर पोचवणं सुटत नाहीच.

पण मला लिहायचं होतं ते सुईबद्दल. वर कुणीच लिहिलं नाही.

चार वर्षांपूर्वी काढून झालं, कापूस दाबायला दिला, आणि सवयीने टोपण परत नीडलवर लावायला गेलो. सुई डाव्या अंगठ्यात. पेशंट म्हणजे ओळखीच्या काकू, त्यांनी बघितलंही नाही. मी बाथरूम कुठे आहे विचारलं, नळाखाली साबणाने धुतलं. दाबून रक्त काढायला गेलो होतो, मग आठवलं की पिळायचं नसतं, म्हणून नुसतं धुतलं. हात इतका थरथरत होता की पुढची दोन घरं रद्द केली. सिव्हिलला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वेळ झाला? पाऊण तास म्हटलं. म्हणाले शहाणा आहेस. एचआयव्ही टाळायचं औषध सुरू करायचं असेल तर दोन तासांत केलेलं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. दुसरा प्रश्न, हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का? दोन झाले होते. सहा महिन्यांचा तिसरा राहिला होता, कारण नोकरी बदलली.

काकूंना जाऊन सांगणं हे सगळ्यात अवघड. 'काकू, तुमचं रक्त आणखी एका टेस्टला लागेल.' त्या बिचाऱ्या बऱ्या निघाल्या, मीही बरा. पण त्या दिवसांत आईच्या हातचं जेवण गेलं नाही.

तर सिस्टर, ट्रेनिंगमध्ये टोपण परत लावायचं नाही हे बोलू नका, करून घ्या. वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा हाताच्या अंतरावर ठेवून पंधरा-वीस वेळा टोचा-टाका, टोचा-टाका, संत्र्यावर करा हवं तर. आणि तुमच्या त्या सहा नवीन पोरींचे लसीचे डोस मोजा. मला खात्री आहे, निम्म्यांचा तिसरा राहिलेला असेल.

डॉ_स्लाइड

@पहाटेचा_स्कूटरवाला, हे इथे लिहिलंत ते बरं केलंत.

पंचवटी_सिस्टर

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. उशीर झाला, मध्ये दोन नाइट होत्या.

स्लाइड फेकल्या नाहीत, पण ३२ च्या सात केल्या. त्या सातही दाखवल्या नाहीत शेवटी. लॅबच्या दादांनी काउंटरला हो म्हटलं, जरा कुरकुरून. सोमवारपासून दोन-दोन जणी बसतायत. कोकम सरबताचा प्रयोग केला, रक्त माझंच घेतलं. ओतलेल्या बल्बात माझं पोटॅशियम ९ च्या पुढे. सगळ्या पोरी एकदम माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी आत्ता पडणार.

लसीचं स्कूटरवाले दादा बरोबर निघाले. सहातल्या चौघींचा तिसरा डोस राहिलेला. एकीचा एकही झालेला नाही. शनिवारी देतोय.

सावळघाट ताई, 'तुमचं नाव सांगा' वर आमच्याकडे एका पेशंटने 'फाइलवर लिहिलंय की!' म्हणून भांडण काढलं. तरी विचारायचं असं सांगितलंय. पेन्सिलची कल्पना लॅबच्या दादांना आवडली नाही, त्यांना बारकोड हवाय. बघू.

आणि काका, तुमचं ते शेवटचं. मी गेले लॅबच्या फ्रिजपाशी. आजोबांचा पिवळा बल्ब होता अजून, मागच्या रांगेत. लेबलचा कोपरा नखाने उचलला, अर्धं फाटलं, अर्धं निघालं. खालची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. व्हॅक्यूम गेलेला, एक मिलीवर थांबला असणार. मग ट्रॉली उपसली. पिवळे अजून तीन निघाले, तिन्ही त्याच खोक्यातले.

त्या पोरीला बोलावलं आणि पहिल्यांदा नीट विचारलं. तिने सांगितलं की बल्ब भरत नाही म्हणून तिने दुसरा लावून बघितला होता, तोही भरला नाही. आजोबांना तिसऱ्यांदा टोचायचं तिच्या जिवावर आलं. नवीन खोकं स्टोअरच्या कपाटात आहे हे तिला माहीत होतं. रात्री कपाटाला कुलूप असतं, कारण मागे सिरिंजा चोरीला गेल्या होत्या आणि तेव्हा मीच नियम केला होता की चावी इन्चार्जकडे राहील. मी तेव्हा कॅल्शियम ग्लुकोनेट घेऊन धावत होते ते साडेदहानंतर. सॅम्पल काढलं साडेनऊला. साडेनऊला मी तळमजल्यावर रजिस्टर भरत बसले होते, चावी माझ्या कमरेला.

तिने मला फोन का नाही केला असं विचारलं. म्हणाली, सिस्टर, तुम्ही ओरडता.

चावी आता नर्सिंग स्टेशनच्या खिळ्याला आहे. चार्ट काढून तिथेच खिळा मारला.

जुना_लॅबवाला

खिळा छान. खोक्यांवर तारखा मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा, जुनं पुढे, नवं मागे. आणि त्या पोरीला परवा माझ्याशी बोलायला सांगा, काउंटरवर बसली असेल तर. बघायचंय तिने काय काय रिजेक्ट केलं.

पंचवटी_सिस्टर

आजच बसली होती काका. पहिल्या तासात तीन. त्यातली एक माझी, फॉर्मवर वेळ लिहायला विसरले होते.